भरतीचे बारा भाग

क्लॅरिनेट, व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या चार वाद्यांसाठी एक रचना लिहायची, एवढेच सुरुवातीला ठरले होते. विषय माझ्यावर सोपवला होता आणि मी फारसा विचार न करता खाडी निवडली, कारण त्या दिवसांत मी रोजच खाडीकाठी जाऊन बसत होते आणि दुसरे काही मनात येतच नव्हते. रचना पूर्ण व्हायला आठ महिने लागले. त्यातले पहिले तीन जवळजवळ पूर्ण वाया गेले, आणि सांगायला सुरुवात तिथूनच करायला हवी.

कोणीही जे करील तेच मी आधी केले. ध्वनिमुद्रक घेऊन गेले आणि टिटवीची ओरड, खंड्याची खिदळल्यासारखी लांब साद, तिवरांच्या पानांतून जाणारा वारा, ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलातून येणारी बारीक चटचट असे जे जे ऐकू आले ते मुद्रित करून घरी येऊन स्वरलिपीत उतरवले. टिटवी क्लॅरिनेटला दिली. वारा व्हायोलिनला दिला, घोडीच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, अगदी जवळ गज फिरवून निघणाऱ्या खरखरीत आवाजात. चेलोसाठी तर एक युक्ती आयतीच हाताशी होती: डाव्या हाताची दोन बोटे ठरावीक अंतरावर धरून कृत्रिम हार्मॉनिक, म्हणजे शिटीसारखा पातळ, उंच स्वर, वाजवायचा आणि ते अंतर न बदलता हात तारेवरून घसरवायचा, की समुद्रपक्ष्याच्या ओरडण्यासारखे तुटक आवाज आपोआप निघतात. चौघा वादकांनी हा पहिला मसुदा वाजवून दाखवला तेव्हा त्यांच्या वाजवण्यात काहीही उणे नव्हते. तरी मला खाडी कुठेच ऐकू येत नव्हती. टिटवीची नक्कल ऐकू येत होती, आणि नक्कल ओळखू आली की कान तिथेच थांबत होता.

बेथोवेनने १८०८ च्या आपल्या सहाव्या सिंफनीत बुलबुलासारखा गाणारा नाइटिंगेल, लावा आणि कोकीळ हे तीन पक्षी त्यांच्या नावांसह स्कोअरमध्ये, म्हणजे रचनेच्या लिखित प्रतीत, लिहिले, आणि त्याच रचनेबद्दल ‘चित्रणापेक्षा भावनेची अभिव्यक्ती अधिक’ असेही बजावून ठेवले, हे मला ठाऊक होते. पण त्या वाक्याने मला त्या वेळी काही मदत केली नाही. भावना म्हणजे नेमके काय लिहायचे, हा प्रश्न उरतोच. मदत झाली ती फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां यांच्या, १९४१ मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीत प्रथम वाजलेल्या चौकडीची, म्हणजे चार वाद्यांच्या रचनेची. तिच्या पहिल्या भागात क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्ष्यांसारखे गातात, हे सर्वांनाच माहीत असते. मी स्कोअर उघडून त्या पक्ष्यांच्या खाली काय चालले आहे ते पाहिले. पियानोत १७ कालमूल्यांची, म्हणजे स्वरांच्या लांबींची, एक साखळी आणि २९ स्वरसमूहांची दुसरी साखळी एकाच वेळी फिरत राहते, आणि दोन्ही आकडे अविभाज्य असल्यामुळे त्या दोन साखळ्यांची टोके त्या भागात कधी एकत्र येतच नाहीत. पक्षी त्या फिरत्या काळावर बसलेले आहेत. माझ्या मसुद्यात पक्षी होते, पण त्यांना बसायला काही नव्हते. खाडीचा स्वतःचा काळ मी लिहिलेलाच नव्हता.

तो काळ कोणता, हे शोधायला फार लांब जावे लागले नाही. एका पूर्ण भरतीपासून पुढच्या पूर्ण भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मी रोज त्याच वेळी काठावर जात असे आणि रोज वेगळी खाडी पाहत असे, याचे कारण एवढेच होते. आता मी पाण्याच्या वेळेने जाऊ लागले. पौर्णिमेनंतरच्या उधाणाचे दिवस धरून, पूर्ण ओहोटी असताना गुडघाभर चिखलातून चालत जाऊन एक बांबू रोवला. त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण होती. मग काठावर वही घेऊन बसले आणि पाणी कोणत्या खुणेपर्यंत आले, ते भरती पूर्ण होईपर्यंत लिहीत राहिले.

त्या दिवशी पाहिलेली एक गोष्ट मी विसरणार नाही. बांबूपासून काठापर्यंत माझ्या पावलांचे खोल ठसे उमटले होते. पाण्याची कड अजून बरीच दूर होती, तिच्यात काही हालचालही दिसत नव्हती, आणि तरी ते ठसे तळाकडून भरू लागले होते. आधी ठशाच्या तळाचा चिखल चमकायला लागला, मग टाचेच्या जागी बोटाच्या पेराएवढे पाणी साचले, आणि बऱ्याच वेळाने मूळ पाणी तिथवर येऊन त्या साचलेल्या पाण्याला मिळाले. भरती समोरून येते अशी माझी समजूत होती. ती आधी खालून आली होती.

बांबूवरची नोंद मी घरी येऊन तपासली. दर्यावर्दी लोक पूर्वापार एक आडाखा वापरतात: भरतीचा काळ सहा सारख्या भागांत वाटला, तर पाणी पहिल्या भागात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढे चढते, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. सुरुवातीला आणि शेवटी पाणी रेंगाळते, मधे धावते. माझ्या बांबूवर एकूण चढ २४० सेंटिमीटर होता, म्हणजे आडाख्याप्रमाणे २०, ४०, ६०, ६०, ४०, २० असे आकडे यायला हवे होते. प्रत्यक्षात आले १७, ४४, ६६, ५९, ३७ आणि १७. आडाखा मोकळ्या किनाऱ्यासाठी असतो. खाडीचे वळण, उथळ तळ, आतून येणारे गोडे पाणी यांमुळे तो थोडाफार चुकणारच. तरी आकार तोच होता.

एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. बेरीज बारा. आणि सप्तकातही अर्धस्वर बाराच असतात.

हे ध्यानात आले तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन-तीन फेऱ्या मारल्या, असे आठवते. रचनेचा सांगाडा एका क्षणात समोर उभा राहिला: दोन-दोन मिनिटांचे सहा भाग, आणि सगळ्यांच्या खाली असणारा एक आधारस्वर, जो पाण्याच्या पातळीसारखा त्या सहा भागांत एक सप्तक वर चढतो. व्हिओलाच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा स्वर सा मानला, तर पातळी अनुक्रमे कोमल रे, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध, शुद्ध नी आणि वरचा सा या स्वरांवर पोहोचते. तिसरा भाग माझ्या खाडीत आडाख्यापेक्षा वेगाने चढला होता, म्हणून मी तो दहा सेकंदांनी आखूड केला. बाकी आकड्यांना हात लावला नाही.

अर्थात सांगाडा मिळणे आणि संगीत मिळणे यांत बरेच अंतर असते. पहिली अडचण लगेच दिसली. सा, कोमल ग, तीव्र म आणि ध हे चार स्वर एकमेकांपासून सारख्याच अंतरावर, तीन-तीन अर्धस्वरांवर आहेत, आणि ते एकत्र वाजले की पाश्चात्त्य संगीतातला तो अतिपरिचित स्वरसमूह तयार होतो, जो ऐकला की जुन्या नाटकातल्या संकटप्रसंगाची आठवण होते. खाडीत संकट नव्हते. त्यामुळे पातळीचा एक स्वर पूर्णपणे बुडाल्याशिवाय पुढचा ऐकू येता कामा नये, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि तो शेवटपर्यंत पाळला. दुसरी गोष्ट अडचण नव्हती, पण तिने मला बरेच दिवस विचारात टाकले. या स्वरावलीत पंचम नाही. व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो, तिन्ही वाद्यांना पंचमाची मोकळी तार आहे, आणि रचनेभर ती कोणी छेडायची नाही, असा याचा अर्थ होत होता. त्याबद्दल पुढे सांगते.

क्लॅरिनेटने तर उघडच नकार दिला. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर ऐकताना शुद्ध रेवर येतो, त्याखाली वाद्य जातच नाही; म्हणजे सा आणि कोमल रे या पहिल्या दोन पातळ्यांवर क्लॅरिनेट आधारस्वर धरूच शकत नव्हते. मी आधी बास क्लॅरिनेट घ्यावे का, असा विचार केला. मग पावलांचे ठसे आठवले. पाणी एकाच वेळी सगळीकडे पोहोचत नाही. क्लॅरिनेटपर्यंत पाणी दुसऱ्या भागाच्या शेवटी, कोमल गंधारावर पोहोचेल, आणि तोवर ते कोरडेच राहील. म्हणून पहिली जवळजवळ चार मिनिटे क्लॅरिनेटला एकही स्वर नाही. नळीतून जाणारी नुसती हवा आणि चाव्यांची टकटक आहे. पहिल्या मसुद्यातली चिखलाची चटचट अशी परत आली, पण आता ती नक्कल राहिली नव्हती. पाणी चढत जाते तसतशी ती विरळ होत जाते, आणि तिच्या थांबण्यावरून पाणी कुठवर आले ते कळते. व्हायोलिनलाही सुरुवातीला हाच चिखल दिला आहे, गजाच्या लाकडाने तारेवर हलके टपके मारून. वादक आपला चांगला गज अशा कामाला वापरायला नाखूश असतात आणि ते योग्यच आहे. आमच्या व्हायोलिनवादकाने तेवढ्या भागासाठी एक जुना गज शेजारी ठेवला, आणि तो खाली ठेवून दुसरा उचलायला वेळ मिळावा म्हणून मी चार मात्रा मोकळ्या सोडल्या.

पहिल्या भागाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण रचनेतले सर्वांत कठीण काम तिथे होते. दोन मिनिटांत पातळी फक्त एक अर्धस्वर चढायची आहे. मी व्हिओलाला मोकळ्या तारेवर सा धरून ठेवायला सांगितला आणि चेलोला तोच सा दुसऱ्या तारेवर घेऊन तिथून कोमल रेपर्यंत सलग सरकायला सांगितले. कागदावर ही एक तिरकी रेघ होती. पहिल्या तालमीत चेलोवादक बाईंनी ती रेघ पाहिली, बोट ठेवले, आणि म्हणाल्या, “हे अंतर तीन सेंटिमीटरसुद्धा नाही. एवढ्यात दोन मिनिटे मी बोट कसे मोजून सरकवू?” प्रश्न अगदी रास्त होता. त्यांनी प्रयत्न केला, पण बोट कधी अडून बसत होते, कधी एकदम पुढे जात होते, आणि चाळीस सेकंदांतच त्या कोमल रेवर पोहोचल्या.

उपाय त्या आवाजातच होता. दोन वाद्यांचे स्वर अगदी जवळजवळ, पण एक नसले की दोन्ही मिळून आवाज लहानमोठा होत हेलकावतो, आणि एका सेकंदात हेलकावे किती, ते त्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांतल्या फरकाएवढे असतात. व्हिओलाचा सा सुमारे १३०.८ हर्ट्झचा आणि कोमल रे सुमारे १३८.६ चा, फरक आठाच्या थोडा आत. म्हणजे सुरुवातीला हेलकावा नाही, अर्ध्या मिनिटाने सेकंदाला दोन, एका मिनिटाने चार, दीड मिनिटाने सहा, आणि शेवटी जवळजवळ आठ. मी तिरकी रेघ खोडली आणि तिच्या जागी हे आकडे लिहिले. आता चेलोवादकाला बोट मोजायचे नव्हते, ऐकायचे होते. व्हिओला आणि चेलो यांच्या मधल्या हवेत जे घडत होते, त्यावरून बोट आपोआप सरकत होते. दुसऱ्या तालमीत पहिला हेलकावा आला तो इतका मंद होता, की मला वाटले व्हिओलाच्या गजाचा दाब बदलला असावा. मग दुसरा आला, तिसरा आला, त्यांच्यातले अंतर कमी होत गेले, आणि ज्या पाण्याची कड हललेली दिसतही नव्हती त्या पाण्याचे बारीक तरंग काठाला लागायला लागावेत, तसे त्या खोलीत झाले. मी एकही तरंग लिहिलेला नव्हता. दोन माणसे एकमेकांपासून सावकाश दूर जात होती, तेवढ्यानेच ते उमटत होते.

दुसऱ्या भागाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. तो पहिल्याच्याच पद्धतीने, दुप्पट वेगाने जातो.

तिसऱ्या आणि चौथ्या भागात पाणी धावते आणि चौघेही पूर्ण आवाजात असतात. तिथे मी एक मोठी चूक केली होती. क्लॅरिनेटला पाणी लागल्यावर आधारस्वर मी त्यालाच देऊन टाकला होता, कारण त्या खालच्या पट्टीत क्लॅरिनेटचा आवाज शून्यातून उगवल्यासारखा येतो आणि हवा तेवढा फुगतो. तसे तंतुवाद्यावर साधत नाही. लांबच लांब स्वर लिहिताना मी त्या आवाजात एवढी रमले, की वाजवणाऱ्याचा विचारच राहिला. क्लॅरिनेटवादक शांतपणे पार्ट वाचून म्हणाले, “इथे श्वास कुठे घ्यायचा, ते तुम्ही लिहिलेलेच नाही.” हळू आवाजात त्यांचा एक श्वास वीस-पंचवीस सेकंद पुरत होता, मोठ्या आवाजात त्याहून बराच कमी, आणि माझा सर्वांत लांब स्वर ४६ सेकंदांचा होता. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत अखंड वाजवण्याचे तंत्र काही वादकांना येते, पण त्यावर रचना बेतली तर ती मोजक्यांनाच वाजवता येईल. ते मला नको होते. स्वर तोडले असते तर पाणी तुटले असते.

पंधरा दिवस मी त्या पानांवर अडून होते. शेवटी व्हिओलाकडे पाहिले, जिला या भागात मी किरकोळ काम दिले होते, आणि आधारस्वर दोघांत वाटून दिला. क्लॅरिनेटचा श्वास संपत येतो त्याच्या दोन मात्रा आधी व्हिओला तोच स्वर अगदी हळू सुरू करते, त्याच्या आवाजाखाली लपून वाढत जाते, क्लॅरिनेट विरते, श्वास घेते, आणि पुन्हा व्हिओलाच्या खालून वर येते. व्हिओलाच्या गजाची दिशा बदलायची वेळही अशीच क्लॅरिनेटच्या भर आवाजात बसवली, म्हणजे तो सांधा कोणाला ऐकू येत नाही. हे लिहायला सोपे वाटते, पण एकेका श्वासासाठी आम्ही तिघांनी बसून जागा ठरवल्या आणि पेन्सिलीने खुणा केल्या. त्या दोन भागांत रंग सतत बदलतो, कधी लाकडासारखा, कधी तारेसारखा, आणि तरी पाणी एकच राहते. मी एकट्या क्लॅरिनेटसाठी लिहिलेल्या मूळ स्वरापेक्षा हे फार चांगले झाले, असे माझे आजही मत आहे. चार वादक समोरासमोर बसून वाजवतात अशा संगीतात एकाने दुसऱ्याचा श्वास सांभाळणे शक्य असते. मोठ्या वाद्यवृंदात मला हे सुचलेच नसते, कारण तिथे स्वर धरायला नेहमीच आणखी कोणी तरी असते.

शेवटचे दोन भाग पुन्हा रेंगाळतात आणि पातळी वरच्या साला पोहोचते. त्यानंतर पाणी थबकते. तिसऱ्या भागातून वाचवलेले दहा सेकंद आणि वर आणखी एक मिनिट, एवढा वेळ मी या थबकण्याला दिला. इथे न छेडलेला पंचम पहिल्यांदा येतो: चेलो आणि व्हायोलिन आपापल्या पंचमाच्या मोकळ्या तारेवर अगदी हळू गज ठेवतात, आणि मग त्याच तारेवर बोट दाबून न धरता नुसते टेकवून तिचे नैसर्गिक हार्मॉनिक काढतात. अमेरिकन संगीतकार जॉन ल्यूथर ॲडम्स यांनी २०११ मध्ये उंचावरच्या वाऱ्यावर लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या चौकडीत वादकांची बोटे तारांखालच्या पट्टीला कधीच टेकत नाहीत, सगळी रचना मोकळ्या तारा आणि नैसर्गिक हार्मॉनिक यांवरच उभी आहे; मी ती ऐकली नसती तर एवढ्या कमी सामग्रीवर सत्तर सेकंद काढण्याचे धैर्य मला झाले नसते. जवळजवळ दहा मिनिटे दाबलेल्या, सरकवलेल्या स्वरांनंतर मोकळी तार पुन्हा ऐकू येते तेव्हा खोली रुंद झाल्यासारखी वाटते.

ओहोटी लिहायची नाही, हे मी बांबूच्या दिवशीच ठरवले होते. सांगाडा मागेपुढे सारखाच असल्यामुळे उलटे जाण्याचा मोह मात्र झाला, आणि दोन वादकांनी तसे सुचवलेही. पण माझ्या वहीत त्या दिवसाची शेवटची नोंद अशी आहे: बांबूवर पाणी एक बोट खाली आले, तरी मधल्या प्रवाहात तरंगणारे तिवराचे पान अजून आतच चालले होते. पातळी वळली होती आणि प्रवाह अजून वळला नव्हता. म्हणून शेवटी तिन्ही तंतुवाद्ये थांबतात आणि क्लॅरिनेट एकटे, अतिशय हळू, वरच्या सावर पुढे जात राहते.

त्या शेवटच्या स्वराला मी १८ सेकंद दिले होते. प्रत्यक्ष कार्यक्रमात क्लॅरिनेटवादकांनी तो माझ्या हिशेबापेक्षा बराच लांबवला. व्हिओलावादकाचा गज तारेपासून इंचभर वर तसाच थांबलेला होता, जणू पुन्हा श्वास सांभाळायची वेळ येईल म्हणून, आणि तो स्वर नेमका कधी संपला ते मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी मी स्कोअरच्या शेवटच्या पानावरचा सेकंदांचा आकडा खोडला आणि तिथे ‘श्वास संपेपर्यंत’ असे लिहिले.